कोट-दुरैचा इंटर्व्हल

थिएटरचा मॅनेजर होतो म्हटलं की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, "मग नट-नट्या पुष्कळ पाहिल्या असतील?" कपाळ माझं! कुंभकोणमला नट येतो तो देवळात, आणि देवळातून परस्पर मोटारीत बसून जातो. आमच्याकडे तो यायचा फक्त पोस्टरवर. मी जन्मभर पाहिल्या त्या प्रेक्षकांच्या पाठी. मागच्या दाराशी उभं राहून माणसांच्या पाठी वाचायला शिकलो, एवढीच माझी विद्या.

संपादक फोनवर म्हणाले, "तुमच्या तंजावरी मराठीत लिहा, गोड वाटेल." गोड कसलं वाटतंय! आम्ही इकडे येऊन तीनेकशे वर्षं झाली. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, असं आमचं चालतं. आमच्या बोलीत सगळं लिहून काढलं तर पुण्याच्या वाचकाला आपले खापरपणजोबा उठून बसल्यासारखे वाटतील. तेव्हा लिहितोय ते तुमची मासिकं वाचून शिकलेल्या मराठीत. आमची माणसं मात्र जशी बोलली तशीच ठेवली आहेत, ती समजून घ्यावीत.

आता काम. तिकीटविक्री, पंखे, उंदीर, फाटक्या खुर्च्या, पडद्यावर पानाची पिंक टाकणारे महाभाग, हे सगळं कोणीही सांभाळील. माझं खास काम एकच होतं, इंटर्व्हल पाडणं.

हसू नका. तमिळ 'पडम' असला, म्हणजे सिनेमा, तर इंटर्व्हल कुठं यायचा ते तो करणाऱ्यानंच ठरवलेलं असतं. पाटी येते, दिवे लागतात. पण बाहेरदेशचा सिनेमा तमिळ बोलत आमच्याकडे यायचा, त्यात इंटर्व्हल नावाची चीजच नसायची. तिकडचे लोक दोन-सव्वादोन तास बूड न हलवता कसे बसतात, देव जाणे. आमचे बसणार नाहीत, आणि बसलेच तर कँटीनवाल्यानं खायचं काय? म्हणून प्रिंट आली की सकाळी रिकाम्या थिएटरात ऑपरेटर आरोक्यसामी आणि मी सगळा सिनेमा बघायचो. मी जागा सांगायची, त्यानं रिळात तिथं कागदाचा कपटा घालून ठेवायचा.

याचेही नियम असतात बरं का. मारामारीच्या मध्ये पाडायचा नाही, खुर्च्या मोडतात. मुका घेतल्याबरोबर पाडायचा नाही. दिवे लागले की सासू-सून दोघी छताकडे बघत बसतात. कोणी मेल्यावर पाडला तर सोडा खपत नाही, कॉफी खपते. उत्तम जागा म्हणजे दार उघडतंय, पण आत कोण आहे ते अजून दिसलेलं नाही. तिथं दिवे लावले की माणूस बाहेर जातो, दोन बोंडे, म्हणजे आमचे वडे, खातो आणि धावत परत येतो. सिनेमा करणाऱ्याला न सुचलेल्या जागा मी शोधून दिल्या आहेत. त्याला कळलं असतं तर त्यानं मला एखादं पत्र धाडलं असतं, निदान शिव्यांचं तरी.

या कामात सगळ्यात सोपी होती ती हेराच्या सिनेमांची मालिका. तिचं नाव लिहीत नाही. आमच्या गावात ते नाव कोणी घेतही नव्हतं, सगळे 'कोट-दुरै' म्हणायचे. दुरै म्हणजे गोरा साहेब. हा समुद्रात पडो की वाळवंटात, अंगावर कोट असायचा आणि त्याची इस्त्री मोडलेली नसायची. दर काही वर्षांनी नवा भाग यायचा. नट म्हातारा झाला की दुसरा नट यायचा, कोट तोच. नवा नट आला तेव्हा आडुतुरैच्या एका शेतकऱ्यानं मला काळजीनं विचारलं होतं, "जुन्या दुरैचं काय झालं हो? मेला काय?" मी म्हटलं, "बदली झाली." त्याला ते लगेच पटलं. शेवटी सरकारी नोकरीच ती.

हे सिनेमे एक पाहिला की दुसरा पाहिल्यासारखाच. आरंभी दुरै कशावरून तरी उडी मारणार. मग नकाशा, मग बाई, मग बेटावर राहणारा कोणी माथेफिरू, आणि शेवटी नावेत बसून दुरै आणि बाई. मला इंटर्व्हलची जागा डोळे मिटून सांगता यायची. एकदा तर ती सांगायची पाळीच आली नाही. आडुतुरैच्या थिएटरात आणि आमच्याकडे मिळून एकच प्रिंट होती. तिकडं रीळ संपलं की मोपेडवरून इकडं यायचं. एके दिवशी रस्त्यात मोपेड पंक्चर झाली आणि दुरै हेलिकॉप्टरला लोंबकळत असतानाच आम्हाला दिवे लावावे लागले. रीळ येईपर्यंत लोकांनी कँटीन धुऊन पुसून खाल्लं. "असा इंटर्व्हल रोज पाड रे बाबा," भीमराव मला म्हणाला.

कँटीन या भीमरावाचं. आमच्यापैकीच. लहानपणी एकाच भजनी मठात विठ्ठलापुढं आम्ही दोघांनी टाळ कुटलेले. मी त्याला भीमू म्हणायचो, तो मला सगळ्यांदेखत मॅनेजर आणि एकटा असलो की गाढव. त्याचे बोंडे, चकलीसारखे मुरुक्कु आणि गुलाबपाण्याचा गुलाबी पन्नीर सोडा यांच्यासाठी सुंदरपेरुमाळ कोयिलची मंडळी रेल्वेनं यायची, असं तोच सांगायचा. ती सिनेमाला येत होती हे मी त्याला कधी बोललो नाही.

कँटीनवाल्याची एक गंमत असते, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. इंटर्व्हलच्या आधी तो तळणीशी उभा, आणि इंटर्व्हलनंतर बाटल्या गोळा करून पेले विसळत बसलेला. म्हणून त्याला कुठल्याही सिनेमाचा आरंभ दिसतो आणि शेवट दिसतो. मधला भाग त्यानं जन्मात पाहिलेला नसतो. भीमू कोट-दुरैवर जीव टाकायचा. "काय माणूस रे! विमानांतून पडतो आणि मग बायकोबरोबर नावेंत बसतो." मी विचारायचो, "आणि मधें काय होतें?" "मधें बोंडे," तो म्हणायचा.

त्याची बायको सीताक्का मुलगा मुरळी शाळेत असतानाच गेली. मुरळीला भीमूनंच रांधून वाढून मोठा केला. पोरानं आपल्यासारखं तळणीशी उभं राहू नये, हा त्याचा एकच ध्यास होता. मुरळीला अरबांच्या मुलखात हॉटेलात मॅनेजरची नोकरी लागली तेव्हा भीमूनं पेरिय तेरु रस्त्यावरच्या शिंप्याकडून त्याला कोट शिवला. चित्रै महिन्याच्या उन्हात, स्टेशनवर, कोट घालून, गळ्यात हार घालून पोरगं घामानं निथळत उभं होतं. भीमू भेटेल त्याला सांगत होता, "आमचा दुरै निघाला."

मुरळीच्या तिसऱ्या सुट्टीचे शेवटचे दिवस आणि त्या मालिकेतला एक नवा सिनेमा, दोन्ही एकाच आठवड्यात आले.

हल्ली माझा नातू मोबाइलवर दाखवतो, या मालिकेतला कुठला भाग सगळ्यांत चांगला यावर पोरं तासन्‌तास भांडत असतात. कोणाला गाड्या आवडतात, कोणाला खलनायक, कोणाला उड्या. मला विचाराल तर तो सिनेमा वेगळा ठरला तो एका ताटामुळं. एवढ्या सिनेमांत दुरैनं दारू ढोसली, पण जेवताना तो कधी दिसला नव्हता. त्याला कोणी, "बाबा रे, जेवलास का?" असं विचारलंही नव्हतं. या एका सिनेमात तो मार खाऊन, चिखलानं भरलेला, पाठलाग चुकवत आपल्या म्हाताऱ्या आईच्या घरी येतो. त्याला आई आहे हेच आम्हाला तोवर माहीत नव्हतं. ती काही विचारत नाही. पाव आणि सूप वाढते. तो हात आडवा घालून, ताट झाकून, दाराकडं बघत भराभर जेवतो. ती वाढत राहते. मग विचारते, "तिकडं जेवायला वेळ देत नाहीत का रे?" तो चमचा ठेवतो आणि मान खाली घालतो. पहाटे मागच्या दारानं निघून जातो. बंदूक नाही, गाडी नाही, काही नाही.

पोरांनी पहिल्या दिवशी शिट्ट्या मारल्या. "हा काय उळवाळी आहे की घरजावई?" कोणीतरी ओरडलं. उळवाळी म्हणजे हेर. पण मागं बसलेल्या बायकांच्या पाठी मी पाहिल्या, एकही हलत नव्हती. मी इंटर्व्हल पाडला होता तो आईच्या दारावर. दुरै कडी वाजवतो, दार उघडतं, आणि दिवे. जागा इतकी सुरेख होती की आरोक्यसामीनं माझ्या पाठीवर थाप मारली.

शनिवारी मॅटिनी सुटल्यावर मुरळी माझ्या खोलीत आला आणि दाराशीच उभा राहिला.

"मामा, इंटर्व्हल पुढें ढकलतां येईल कीं?"

"कां रे? तुझ्या अप्पाचे बोंडे खपत नाहींत कीं काय?"

"तसें नव्हे. आईच्या घरचा भाग अप्पांनीं पाहावा. रोज ते तेव्हां पेले विसळीत असतात."

मी हसणार होतो, पण त्याचा चेहरा पाहून थांबलो. त्यानं दोन्ही हात माझ्या टेबलावर पालथे ठेवले. बोटांची सालं गेली होती, नखांच्या कडा पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"मी मॅनेजर नव्हे, मामा. मजुरांच्या तळावर स्वैंपाकघर आहे, तेथें भांडीं घासतों. उभ्यानें जेवतों. मला परत जायचें नाहीं. येथें अप्पांच्या हाताखालीं उभा राहीन. पण त्यांनीं सगळ्या गांवाला सांगितलें आहे. सांगायला गेलों कीं जीभच वळत नाहीं."

"मी सांगतों त्याला."

"नको. अम्माची आण आहे तुम्हांला. त्यांना आपसूक कळूं दे."

मंगळवारी त्याची गाडी होती. आता बघा, दुसऱ्या कुठल्या घरातला पोरगा असता तर आत्याला मध्ये घातलं असतं, नाहीतर मठातल्या बुवांना. हा थिएटरच्या व्हरांड्यात वाढलेला. जे तोंडानं होत नाही ते पडदा करून देईल, असं त्याला वाटलं. आणि मीही सिनेमावालाच. मलाही अगदी तस्संच वाटलं. भीमूनं ते ताट पाहिलं की पोराला पोटाशी धरील, कोट-बीट गेला खड्ड्यात, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

भीमूला पटवायला अर्धा दिवस गेला. "वेडा झालास कीं? इंटर्व्हल उशिरा म्हणजे बोंडे थंड. आदित्यवारचें गिऱ्हाईक आहे!" मी म्हटलं, एकच शो, आणि त्यात तू माझ्याशेजारी बसायचंस. "एवढें काय आहे त्यांत?" "बघ तरी एकदां, भीमू. इतके सिनेमे झाले, एकाचें मधलें बघ." शेवटी पुटपुटत कबूल झाला. आरोक्यसामीनं कपटा दोन रिळं पुढं सरकवला.

रविवारचा संध्याकाळचा शो, थिएटर गच्च. भीमू शेवटच्या रांगेत दाराजवळ बसला, खांद्यावर टॉवेल, हाताला बेसनाचा वास. पलीकडच्या दाराच्या पडद्याआड मुरळी उभा होता. दुरैनं कडी वाजवली. दार उघडलं. दिवे लागले नाहीत.

म्हातारीनं त्याला आत घेतलं, पाव कापला. तोवर लोकांची चुळबूळ सुरू झाली. एवढ्या वेळानं उठायचं, ही अंगाची सवय असते हो, तिला कथा कळत नाही. शिवाय दारावर इंटर्व्हल येतो हे दोन दिवसांत गावभर झालेलं. कुठंतरी मूल रडलं. बाल्कनीतून आरोळी आली, "इंटर्व्हल विडुय्या!" म्हणजे सोड की रे इंटर्व्हल. मग शिट्ट्या, मग खुर्च्या बडवणं. "सोडा! सोडा!" मी एका बाजूनं पडद्याकडं बघतोय, एका बाजूनं भीमूकडं. तो पुढं झुकला होता. खांद्यावरचा टॉवेल त्यानं हातात घेतला होता आणि मुठीत आवळला होता. दुरै हात आडवा घालून जेवत होता. म्हातारीनं पळी ठेवली, त्याच्याकडं पाहिलं, आता ती विचारणार.

भीमू उठला.

"माणसें ओरडताहेत रे. जातों."

मी त्याचा दंड धरला. "जरा बस. एवढेंच."

"सोड! गिऱ्हाईक आहे." झटका देऊन तो निघाला, तो नेमका मुरळी उभा होता त्याच दारानं. पोराला खांदा लागला तरी थांबला नाही. मागं पडद्यावर म्हातारीनं विचारलं ते शिट्ट्यांत कोणाला ऐकू आलं नाही. मी हात वर केला, आरोक्यसामीनं मशीन थांबवलं, दिवे लागले. मुरळी जिथं होता तिथंच उभा होता. त्याच्या बाजूनं लोंढा कँटीनकडं धावत होता.

शो सुटल्यावर मी कँटीनवर गेलो. "पाहिलेंस कीं?"

"काय पाहायचें? म्हातारी सूप वाढते. तुझ्या नादानें अर्धी तळणी फुकट गेली."

मंगळवारी स्टेशनवर भीमूनं पोराच्या गळ्यात पुन्हा हार घातला. गाडी सुटायच्या आधी मुरळी माझ्या पाया पडला आणि हळूच म्हणाला, "असूं दे, मामा." सीताक्काची आण नसती तर मी तिथंच फलाटावर भीमूचं बखोट धरून त्याला सगळं ऐकवलं असतं. फार राग आला होता मला त्याचा. बोंड्यांसाठी पोरगा घालवला, असं मी कितीतरी वर्षं मनात म्हणत होतो, आणि त्याच्याच हातची घट्ट दुधाची डिग्री कॉफी पीत होतो.

थिएटर त्यानंतर पंधराएक वर्षं चाललं. रिळं गेली, कंप्यूटरच्या डब्यातला सिनेमा आला, बाहेरदेशच्या सिनेमाचा इंटर्व्हलही चेन्नैहूनच ठरून यायला लागला आणि माझी विद्या भंगारात गेली. पुढं मुदलाळीनं, म्हणजे आमच्या मालकानं, थिएटरचा लग्नाचा हॉल केला. मुरळी तिकडंच राहिला. आधी दरवर्षी यायचा, मग एक वर्षाआड. लग्न केलं नाही. आता तळावरच्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांवर देखरेख करतो म्हणे, म्हणजे तोंडी लावायला का होईना मॅनेजर झाला. पाठीचं दुखणं आहे. गेल्या दोन दिवाळ्या आलेला नाही. रविवारी फोन करतो, भीमू विचारतो "बरा अहेस कीं?", तो "बरा अहें" म्हणतो, झालं.

भीमू आता थकला आहे. रविवारी दुपारी मी त्याच्याकडं जातो, दोघं टीव्हीपुढं बसतो, दोघंही डुलक्या काढतो. परवा असेच बसलो होतो तर तमिळ चॅनेलवर तोच सिनेमा लागला. मी बघितलं, दुरै आईच्या घराकडं निघालाय. मी रिमोट उचलला.

"असूं दे," भीमू म्हणाला.

दार उघडलं. साबणाची जाहिरात झाली, बनियनची झाली, मग म्हातारीनं वाढलं. भीमूनं सगळं पाहिलं. चमचा खाली ठेवला तेही पाहिलं.

"मला ठावें होतें रे," तो म्हणाला.

"काय ठावें होतें?"

"भांडीं घासतो तें. आला त्याच दिवशीं कळलें. कायरस केला होता त्याच्यासाठीं. ताटाला हात आडवा घालून जेवत होता. माझ्या घरांत त्याचें कोण हिसकावून घेणार होतें? बोटें पाहिलीं. जन्मभर पेले विसळले मी, मला धुण्याच्या सोड्यानें गेलेलीं बोटें कळणार नाहींत?"

"मग उठलास कां त्या दिवशीं?"

"ती विचारणार हें दिसलें म्हणून उठलों. तिनें विचारलें असतें, त्यानें मान खालीं घातली असती, तर मी मुरळीला तेथेंच धरून ठेवला असता. सोडलाच नसता. आणि ठेवून काय करायचें होतें? मुदलाळीनें आदल्याच महिन्यांत मला एकट्याला सांगितलें होतें, थिएटर पाडणार, वर्षभरांत कँटीन उचल. कोणाला बोलूं नको म्हणाला. तुझीही नोकरी जाणार होती, तुला कसें सांगूं? मुलाला येथें ठेवून दोघांनीं मिळून कशांत बोंडे तळायचे होते?"

मुदलाळीनं मला हे कधीच सांगितलं नव्हतं. त्याचा बेत कधी ठरला, कधी फिरला, मला पत्ताही नाही. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. टीव्हीवर दुरै मागच्या दारानं निघाला होता. भीमूनं आवाज बंद केला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "त्यानंतर किती वर्षें चाललें रे थिएटर?"

किती चाललं ते मला ठाऊक होतं. शेवटच्या शोपर्यंत कँटीनमध्ये तोच तर उभा होता, त्यालाही ठाऊक होतं.

"थोडींच," मी म्हटलं.